शिदोरी हलकी तर गड जवळ

पुण्याहून राजगड-तोरण्याच्या दोन दिवसांच्या वाटेला निघालेल्या मंडळींच्या पिशव्या एकदा उघडून पाहाव्यात. दहीभाताचा डबा, काकड्या, शिवाय काचेच्या बरणीत लोणचे! घरच्यांची माया खरी. पण १४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर ती खांद्यांनाच वाहावी लागते.

शिदोरीत जड काय असते? पाणी! शिजलेल्या भातात जवळजवळ ७० टक्के पाणीच असते. शिवाय ओले अन्न उन्हात लवकर आंबते.

आपल्या आजीबाईंनी यावर तोड केव्हाच काढून ठेवली आहे. भाजलेले गहू व डाळे दळून केलेले सातूचे पीठ घ्या. गूळ-पाण्यात कालवले की न्याहारी तयार, चूल नको. दशमीची कणीक दुधात भिजवलेली, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६७ कॅलरी असतात. तेवढ्याच भातात जेमतेम १३०. तेव्हा खिशात दाणे-गूळ हवाच. संध्याकाळसाठी रवा घरीच भाजून, त्यात फोडणी मिसळून न्यावा. उकळत्या पाण्यात टाकला की उपमा झाला.

मात्र एक ध्यानात ठेवावे. कोरडे अन्न पाणी मागते, आणि दोन्ही गडांमधल्या डोंगरधारेवर पाण्याचा भरवसा नाही. म्हणून डब्यांचे जे ओझे वाचेल, तेवढे प्यायचे पाणी घ्यावे. टाक्यातले पाणी उकळूनच प्यावे. भूक तासभर थांबते, तहान थांबत नाही.