थांबलेली पुली

सुदामा नगरातल्या पिठाच्या चक्कीवर दुपारी गर्दी नसते, म्हणून स्ट्रोबोस्कोप, म्हणजे मिनिटाला ठरवू तितक्या वेळा चमकणारा दिवा, घेऊन तीच वेळ गाठली. तक्रार अशी की मोटर नीट फिरते, पण गहू पडला की दळण रेंगाळतं आणि पट्ट्याला जळका वास येतो.

चक्की बंद असतानाच दोन्ही पुल्यांवर खडूची एकेक रेघ ओढली, जाळी परत बसवली, शटर अर्धं ओढून मोटर सुरू केली. चमकांचा आकडा वरून खाली आणायचा, यात हयगय नको. मिनिटाला १४४० फेरे घेणारी पुली ७२० चमकांतही थांबलेली दिसते, ४८० लाही; २८८० ला मात्र समोरासमोर दोन रेघा दिसतात. एकच रेघ स्थिर दाखवणारा सर्वांत मोठा आकडा, तोच खरा वेग.

रिकाम्या चक्कीवर मोटरची रेघ १४९० ला थांबली. गहू सोडताच ती उलटी सरकू लागली. हे दृश्य मला फार आवडतं. ५० हर्ट्‌झवर चार ध्रुवांच्या इंडक्शन मोटरचं चुंबकीय क्षेत्र १५०० फेरे घेतं, रोटर त्याच्या मागे राहतो आणि भार वाढला की आणखी मागे पडतो. सूत्रात शिकलेली ‘स्लिप’ इथे डोळ्यांदेखत घडते. १४४० ला रेघ पुन्हा स्थिरावली. मोटर निर्दोष होती.

चक्कीची पुली तिप्पट व्यासाची, म्हणजे ४८० फेरे हवेत. आले ४५६. पाच टक्के वेग पट्टा घसरण्यात जात होता. त्याच घर्षणाची उष्णता वासाच्या रूपानं बाहेर पडत होती. चमक पट्ट्याच्या फेऱ्याशी जुळवली, तसा धावता पट्टा जागीच उभा राहिला: कडेचे सुटलेले धागे, जोडाजवळ उघडलेली भेग. बंद चक्कीत ताण उतरतो आणि अशी भेग मिटून जाते.

१८३२ मध्ये बेल्जियमचे प्लॅटो आणि व्हिएन्नाचे श्टाम्पफर यांनी फटींच्या फिरत्या चकतीतून हीच किमया साधली होती. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास तिला विजेच्या चमकेची जोड दिली.

वीज तोडून पट्टा बदलला, मोटर मागे सरकवून ताण दिला. आकडा ४७४ वर आला.

हे यंत्र वापरणाऱ्यांना कळकळीची विनंती: चमक सुरू करण्यापूर्वी आसपास कुणाला फिट्स येतात का, हे जरूर विचारा, अशा चमकांनी झटका येऊ शकतो. आणि पुली कितीही निश्चल दिसली तरी वीज तोडून ती खरोखर थांबेपर्यंत जाळीला हात लावू नका.