फक्त गोळ्या मोजून भागणार नाही

अँटिबायोटिक लागू का पडत नाहीत, असं जळगावात किंवा धुळ्यात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: लोक मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणतात, अर्धवट घेतात आणि मग शरीराला औषधाची सवय होते. यातला शेवटचा भाग साफ चुकीचा आहे. शरीराला सवय होत नाही. औषधातून तगून राहतात ते जिवाणू, आणि पाण्यातून, हातांवरून, दवाखान्यातल्या खाटेवरून ते दुसऱ्याच्या अंगात शिरतात. म्हणून एकही गोळी न घेतलेल्या तान्ह्या बाळालाही औषधाला न जुमानणारा संसर्ग होऊ शकतो. हे मान्य केलं, की दोष फक्त गोळ्या खाणाऱ्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

आकडेही तेच सांगतात. देशातल्या खासगी औषधविक्रीच्या 2019 च्या आकडेवारीनुसार हजार माणसांमागे दिवसाला अँटिबायोटिकच्या सरासरी 10.4 मात्रा खपल्या. युरोपातल्या अनेक देशांत हे प्रमाण यापेक्षा जास्त आहे. त्याच वर्षी जगात प्रतिकारक जिवाणूंमुळे थेट सुमारे 12.7 लाख माणसं दगावली, आणि लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मृत्यू पश्चिम आफ्रिकेच्या गरीब पट्ट्यात झाले. अनेक देशांची तुलना करणाऱ्या 2018 च्या एका अभ्यासात तर प्रतिकाराचा संबंध औषधांच्या खपापेक्षा पाणी-सांडपाण्यासारख्या सोयींशी आणि कारभाराच्या दर्जाशी अधिक घट्ट दिसला. ज्या धुळे शहराने नळाला कित्येक दिवसांआड पाणी पाहिलं आहे, तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको. पाणी साठवावं लागतं, साठवलेलं दूषित होतं, हात धुण्यात काटकसर होते. जुलाब आणि टायफॉईड वाढले की गोळ्याही वाढतात.

यावर कुणी म्हणेल, मग दुकानदाराला मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. 1 मार्च 2014 पासून ‘एच-1’ या सरकारी यादीतल्या औषधांची, त्यात अनेक अँटिबायोटिकही आली, चिठ्ठीनिशी वहीत नोंद ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे आणि ती वही तपासली गेलीच पाहिजे. वर सांगितलेल्या खपातल्या सुमारे 47 टक्के मात्रा तर केंद्रीय नियामकाची मंजुरी नसलेल्या औषधांच्या होत्या. हा दोष गिऱ्हाइकाचा नव्हे. अर्थात, गिऱ्हाइकाने सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागणंही व्यर्थच. रावेर-यावलच्या केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की शेतकरी रोगट झाड उपटतो, कारण विषाणूवर फवारणी चालत नाही. माणसाच्या सर्दीचा विषाणूही अँटिबायोटिकला दाद देत नाही. पण ताप विषाणूचा की जिवाणूचा, हे चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यावर ठरवायचं कुणी? जिवाणू ओळखणाऱ्या कल्चर तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढे दिवस मजुरी बुडवणं परवडत नाही. त्या माणसाला अडाणी ठरवणं सोपं आहे, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

जिवाणू औषधाला निर्ढावण्यात शेतीचाही वाटा आहे. कपाशीच्या जिवाणूजन्य करप्यावर खानदेशात फवारलं जाणारं स्ट्रेप्टोसायक्लीन म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन, माणसांचीच औषधं. शेतीतला त्यांचा वापर थांबवण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये काढला होता.

दुसरा आक्षेप पैशाचा: पाणी, गटारं, प्रयोगशाळा हे श्रीमंत देशांचे उपाय, आपण निदान गोळ्या तरी आवरू. पण गरीब देशांत गोळ्यांची चणचणही तितकीच जीवघेणी आहे. कार्बापेनेमसारख्या ताकदीच्या अँटिबायोटिकलाही न जुमानणाऱ्या संसर्गाच्या भारतातल्या रुग्णांपैकी 2019 मध्ये जेमतेम 7.8 टक्क्यांना योग्य औषध मिळालं, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. शिवाय सगळेच उपाय महागडे नाहीत. स्वच्छ पाणी, रुग्णालयातली स्वच्छता आणि लसीकरण एवढ्यावर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले वर्षाला साडेसात लाख मृत्यू टळू शकतात, असा अंदाज 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ने मांडला. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉईडची लस टोचली होती. झालेला टायफॉईड बरा करण्यापेक्षा तो होऊच न देणं स्वस्त पडतं, हा हिशेब धुळे आणि जळगावच्या महापालिकांनाही मांडता येईल. दोन्ही शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांकडे तालुक्यांतले नमुने नियमित पोहोचले आणि कोणतं औषध कुठे चालेनासं झालं हे गावच्या डॉक्टरला कळलं, तर त्याला अंदाजाने ‘हाय पॉवर’ची गोळी लिहावी लागणार नाही.