मालाडचा म्युनिककर कॅमेरामन

१९४९च्या 'महल' या चित्रपटाबद्दल बोलताना लोक खेमचंद प्रकाशांच्या चाली, लताबाईंचा आवाज आणि मधुबालेचं रूप आठवतात. त्या पडक्या हवेलीतला अंधार ज्याने रचला, त्या योझेफ विर्शिंगचं नाव मात्र सहसा कुणाच्या ओठी येत नाही. खरं तर 'महल'ची भीती कथेपेक्षा त्याच्या छायाप्रकाशात जास्त आहे. माणूस दिसायच्या आधी त्याची सावली येते, चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात राहतो, आणि उरलेल्या अर्ध्यावर आपला विश्वास बसत नाही.

विर्शिंगचा जन्म १९०३ साली म्युनिकमध्ये झाला. तिथल्या एमेल्का या चित्रपट कंपनीत त्याने कॅमेरा हाती घेतला. १९२५मध्ये दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनबरोबर तो पहिल्यांदा भारतात आला, तो निर्माते हिमांशू रॉय यांच्या 'प्रेम संन्यास' या बुद्धचरित्रावरच्या मूकपटासाठी. जयपूरच्या महाराजांनी मदतीला हत्ती-घोडे दिले होते. स्टुडिओ नव्हताच, सारी भिस्त उन्हावर. पुढे दिव्यांच्या कामात नाव काढणाऱ्या या माणसाची भारताशी ओळख अशी सूर्यप्रकाशात झाली.

हिमांशू रॉय आणि अभिनेत्री देविका राणी यांनी १९३४मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था उभी केली, तेव्हा ऑस्टेन, विर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेटी आणि लॅब सांभाळणारे विल्हेल्म झोले ही जर्मन मंडळी तिथे कामाला आली. (हे स्प्रेटी पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि १९७०मध्ये ग्वाटेमालात बंडखोरांनी त्यांची हत्या केली.) 'जवानी की हवा', 'जीवन नैया', 'अछूत कन्या' असे चित्रपट भराभर निघाले. 'अछूत कन्या'तलं रेल्वे फाटक, तिथली झाडं, देविका राणीचा उजळलेला चेहरा पाहताना कॅमेऱ्याला या मुलखात घाई नाही, हे जाणवतं. विर्शिंगच्या हाताखाली तयार झालेल्या आर. डी. परीन्जा यांनी पुढे 'किस्मत' चित्रित केला. १९४३च्या या चित्रपटाचं यश सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागचं हे शिक्षण क्वचितच सांगितलं जातं.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटलं. लीला चिटणीस आणि अशोककुमार यांच्या 'कंगन'चं काम चालू असताना इंग्रज सरकारने जर्मन मंडळींना ताब्यात घेतलं. ऑस्टेन मायदेशी परतला. तो नाझी पक्षाचा सदस्य होता, हेही नमूद करायला हवं. विर्शिंगची युद्धाची वर्षं नजरकैदेत गेली. सुटल्यावर मात्र तो पुन्हा मालाडच्याच स्टुडिओत कॅमेऱ्यामागे उभा राहिला. माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. ज्या देशात त्याला कोंडून ठेवलं, त्याच देशात त्याने आपलं सर्वोत्तम काम केलं.

'महल'नंतरही त्याचे दिग्दर्शक कमाल अमरोही यांच्याशी विर्शिंगचं नातं टिकलं. त्यांच्याच संस्थेच्या 'दिल अपना और प्रीत पराई'चं (१९६०) चित्रीकरण त्याचं. मग अमरोहींच्याच 'पाकीझा'चा कॅमेराही त्याच्याकडे आला. हा चित्रपट कृष्णधवल म्हणून सुरू झाला, मग रंगीत झाला, मग सिनेमास्कोपमध्ये गेला. १९६७मध्ये मुंबईत विर्शिंग वारला. उरलेलं काम इतर नामवंत छायालेखकांनी पुरं केलं आणि १९७२मध्ये चित्रपट आला. अनेक हात लागूनही या चित्रपटाची नजर एकसंध वाटते, कारण तिचा पाया विर्शिंगने घातला होता.

तो स्थिरचित्रंही काढायचा. चित्रीकरणाच्या मधल्या वेळातले नट, तंत्रज्ञ, सेट त्याने टिपले आणि कुटुंबाने ती छायाचित्रं जपली. २०१७मध्ये गोव्यातल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यांचं प्रदर्शन भरलं. बॉम्बे टॉकीजच्या इतिहासाचा इतका जिवंत पुरावा दुसरा नाही. श्रेयनामावलीत कधीच न आलेले सुतार, दिवेवाले, सहायकही बॉम्बे टॉकीजमध्ये काम करत होते. मालाड-कांदिवलीच्या जुन्या घरांत अशा कुणाचा फोटो, पत्र किंवा पगाराची पावती अजून असेल, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका. एखाद्या संग्रहालयाकडे पोचवा.