गाडीची मागची कांच व तिचा वायपर

राधानगरीस आषाढ लागला म्हणजे सूर्यदर्शनाची आशा सोडावी लागते. भोगावतीवरील धरण भरून त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता ज्या दिवसांत येते, त्या दिवसांत दाजीपूरच्या रस्त्यानें जाणाऱ्या गाडीचा पुढचा वायपर क्षणभरही विसावत नाहीं. मागच्या वायपरची आठवण मात्र कोणास होत नाहीं. आम्हांस ती गतवर्षीं झाली. मागचा वायपर बंद, कांचेवर चिखलाचा थर, आणि आम्ही अंगणांतून गाडी मागें घेत होतों. इतक्यांत घरांतून "थांबा, थांबा!" अशी हांक आली. उतरून पाहतों तों शेजारचें लहान मूल चाकापासून दोन हातांवर उभें! तो वायपर घरच्या घरीं नीट करावयाचा, असा निश्चय आम्हीं त्याच दिवशीं केला. त्यांत जें शिकलों तें येथें देतों.

पुढची कांच पुसण्यासाठीं हातानें चालविण्याच्या वायपरचें पेटंट अमेरिकेंतील मेरी अँडरसन या बाईंस १९०३ सालीं मिळालें. मागच्या कांचेची अडचण निराळी आहे. उभ्या पाठीची गाडी धावूं लागली कीं तिच्या मागें हवेचे भोवरे उठतात. चाकांनीं उडविलेला चिखल त्यांत सांपडून कांचेवर बसतो. तो पुसण्यासाठीं मागच्या दाराच्या आंत एक लहान मोटर असते. तिचा दांडा बाहेर येतो व त्यावर वायपरचा हात नटानें आवळलेला असतो.

वायपर बंद पडला म्हणजे प्रथम कान द्यावा. मोटरीचा आवाज नेहमींसारखा येतो पण हात हलत नाहीं, तर बहुधा नट सैल झालेला असतो. मुळींच आवाज नसेल, तर फ्यूज पाहावा. तो ठीक असल्यास दाराच्या बिजागरीजवळील रबरी नळींतल्या तारा तपासाव्या. दार वारंवार उघडल्यामिटल्यानें त्या तेथें तुटतात. मोटर कण्हत असेल किंवा फ्यूज पुन्हां पुन्हां जळत असेल, तर दांडा गंजून अडकला असण्याचा संभव फार. आमच्या गाडीस हाच विकार होता. दांड्याभोंवतींचें रबरी कडें झिजून पावसाचें पाणी आंत शिरलें होतें.

आम्हीं प्रथम किल्ली काढून बॅटरीची ऋण तार सोडविली. नट काढून हात उतरविला व मोटर बाहेर घेतली. दांड्यावर गंज सोडविणारें तेल टाकून रात्रभर ठेविलें. सकाळीं दांडा सुटला. तो बारीक पॉलिश पेपरनें घासून, ग्रीस लावून, नवें कडें घालून बसविला. हात चढविण्यापूर्वीं मोटर एकदां चालवून बंद करावी, म्हणजे दांडा आपल्या विश्रांतीच्या जागीं येतो. त्यानंतर हात योग्य ठिकाणीं बसतो.

दोन गोष्टी मात्र कदापि करूं नयेत. अडकलेला हात बळानें फिरवूं नये. आंतील चाकांचे दांते मोडतात. जळणाऱ्या फ्यूजच्या जागीं मोठा फ्यूज घालूं नये. मग फ्यूजऐवजीं तारा जळतात.

सारी मोटर बदलावी लागेल असें प्रथम आम्हांस वाटलें होतें; प्रत्यक्षांत एक रबरी कडेंच नवें लागलें. कारण शोधण्याआधीं वस्तु टाकून देऊं नये, हा धडा विद्यार्थ्यांनीं घ्यावा. पालकांस एक विनंति : कांच कितीही स्वच्छ असो, तिच्याखालीं उभें असलेलें मूल तींतून दिसत नाहीं. गाडी मागें घेण्यापूर्वीं उतरून एक फेरी घालावी.