अजिंठ्याच्या भिंतीवरून समुद्रात

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारहून वाहणारी सिंदफणा नदी गोदावरीला मिळते आणि तिच्यासोबत पूर्वेला निघून जाते. अरबी समुद्र घाटाखाली दूर राहतो. तरीही शिडाच्या जहाजांचा इतिहास या मुलखाला परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दोन पेठांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि पुढं जहाजात चढे. तेरहून जाई ते मुख्यतः कापड. आजचा बीड जिल्हा या दोन पेठांच्या मधल्या पट्ट्यात येतो. बंदरं किनाऱ्यावर असली, तरी जहाजाचं पोट देशावरच्या मागांनी आणि बैलांनी भरलं. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची वाट खरिपाची पेरणी बघते, त्याच वाऱ्यावर पश्चिमेची जहाजं इकडे येत आणि वारा फिरला की परतत.

सगळ्यात बोलका पुरावा तर मराठवाड्याच्याच डोंगरात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात उंच शिडांचं, रांजणांनी भरलेलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्याच्या आधारे गोव्यात नौदलासाठी ‘कौंडिण्य’ बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याचा भरणा द्यायचा आणि काथ्याच्याच दोरीनं फळीला फळी शिवून राळेनं फटी बुजवायच्या, अशी ती बांधणी. केरळच्या कारागिरांच्या हातांत ही विद्या टिकली होती म्हणून हे जमलं. यावर कोणी म्हणेल, चित्र म्हणजे आराखडा नव्हे. चित्रकारानं जहाज पाहिलंच असेल कशावरून? आक्षेप रास्त आहे. भिंतीवर जहाजाचा तळ दिसत नाही, मापं तर नाहीतच. म्हणूनच नमुना करून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यातल्या वर्तनाच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. पण खरी परीक्षा समुद्रच घेतो. डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघालेलं हे जहाज जानेवारीत मस्कतला पोहोचलं. चित्रकाराची साक्ष यानं पूर्ण सिद्ध होत नाही. शिवलेलं, चौकोनी शिडांचं जहाज अरबी समुद्र ओलांडू शकतं, एवढं मात्र पक्कं झालं.

आता एंजिनं असताना शिडांवर खर्च का, हा प्रश्न उरतोच. मालवाहतुकीपुरता तो बरोबर आहे. तिथं शीड हरलं आणि ते मान्य करायला हवं. माणूस घडवण्याचं काम मात्र त्याच्याकडे राहिलं. ‘तरंगिणी’ हे शिडाचं जहाज १९९७ पासून नौदलाच्या शिकाऊंना दोर, वारा आणि लाटा शिकवतं आहे. ‘तारिणी’ या छोट्या शिडाच्या नौकेतून नौदल अधिकारी वर्तिका जोशी आणि पाच सहकारी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. वारा कुठून फिरतोय हे ओळखून वेळेत शीड आवरणं यंत्रासमोर बसून अंगात मुरत नाही. आणि ‘कौंडिण्य’सारख्या जहाजाचा उपयोग याहून वेगळा आहे: ग्रंथ आणि चित्रं जिथं गप्प होतात, तिथं जुनी बांधणी पाण्यात उतरवूनच तपासता येते. अजिंठा पाहायला बीडहून जाणाऱ्या शाळांच्या सहलींनी दुसऱ्या लेण्यातल्या त्या जहाजापाशी जरा जास्त वेळ थांबावं.