उसना प्रोसेसर

संगणकात नवा प्रोसेसर बसविला, कळ दाबली. पंखा फिरू लागला, पण पडदा काळाच राहिला! अशा वेळी प्रोसेसरची वीजतार लावावयाची राहिली नाही ना, हे प्रथम पाहावे. जाणत्यांनाही हा विसर पडतो. तार नीट असूनही संगणक सुरू न झाल्यास नवा प्रोसेसर सदोष आहे, असे मानण्याची घाई मात्र करू नये.

मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये ‘बायोस’ नावाची आज्ञावली साठविलेली असते. संगणकाला जागे करण्याचे काम तिचे. ती प्रोसेसरहून जुनी असेल, तर त्याला कसे चालवावे हे तिला ठाऊक नसते. २०१८ च्या फेब्रुवारीत एएमडी कंपनीचे नवे रायझेन प्रोसेसर आले, तेव्हा असेच घडले. त्यांच्या १,३३१ पिना आदल्या वर्षीच्या मदरबोर्डांत बिनचूक बसत. तरी कित्येक संगणक जागे होईनात. बायोस बदलावी, तर त्यासाठी संगणक आधी सुरू व्हावयास हवा! ज्यांच्यापाशी जुना प्रोसेसर होता, त्यांना तो पुन्हा बसवून बायोस बदलता आली. इतरांना कंपनीने एक साधा प्रोसेसर उसना देऊ केला. काम होताच तो परत करावयाचा होता.

आता काही मदरबोर्डांवर प्रोसेसरवाचूनही, पेनड्राइव्ह लावून, बायोस बदलता येते.