रस्ताच मारतो हापसा

पाच माणसं, तंबू, पाण्याचे कॅन आणि वर ट्रेलर. एवढं लादलं की जुनी ऑफ-रोड गाडी मागून बसते. हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो, पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग भरकटतं आणि दर खड्ड्याला मागचा एक्सल रबरी बफरवर आपटतो. यावर बाजारातला आजचा सोपा इलाज म्हणजे मागच्या कॉइल स्प्रिंगच्या पोकळीत बसवायचे हवेचे फुगे. संपादकांनी लिहायला सांगितलं होतं ते या फुग्यांवर. मी मात्र रमलो त्यांच्या एका भावंडापाशी. त्याला ना कॉम्प्रेसर लागतो, ना नळी, ना वायर.

जून १९७० मध्ये रोव्हर कंपनीने इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यातून रेंज रोव्हर बाजारात आणली. याच कंपनीच्या तोवरच्या लँड रोव्हरला पाट्यांच्या स्प्रिंग असत. ओझ्याला भक्कम, कंबरेला निर्दय. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या अभियंत्यांनी पाटे काढले आणि चारही चाकांना लांब चालीच्या, मऊ कॉइल स्प्रिंग दिल्या. चाक खड्ड्यात खोल उतरावं, दगडावर उंच चढावं आणि तरी जमीन सोडू नये, हा त्यामागचा विचार. पण मऊ स्प्रिंग भिडस्त असते, वजन येईल तशी दबत जाते. भरलेल्या गाडीत तिची बरीचशी चाल नुसती बसण्यातच संपते आणि खड्ड्यासाठी काही उरतच नाही.

कडक स्प्रिंग टाकून प्रश्न मिटला असता, पण गाडीची सगळी मजा तिथेच गेली असती. किंग-बॅशफर्डनी दुसरी वाट धरली. गाडी रॅम्पवर घेऊन मागून खाली डोकावलं, तर दोन स्प्रिंगच्या मधोमध इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा एक दणकट आर्म दिसतो. त्याच्या टोकाचा बॉलजॉइंट एक्सलला धरून असतो. तिथूनच एक जाडजूड नळकांडं वर चासीच्या आडव्या तुळईकडे जातं. अनोळखी माणूस त्याला तिसरा शॉकअप समजून पुढे सरकेल. हे जर्मन बोगे कंपनीचं ‘हायड्रोमॅट’.

तेल आणि दाबलेला वायू यांच्यावर गाडी तोलण्याची युक्ती त्याआधीची. फ्रान्सच्या सिट्रोएनने १९५४ मध्ये ती आधी एका मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना लावली आणि पुढच्या वर्षी डीएस या गाडीच्या चारही चाकांना. पण तिथे इंजिनवर फिरणारा पंप होता, नळ्यांचं जाळं होतं. बोगेने पंपच नळकांड्यात कोंबला आणि तो चालवायचं काम रस्त्यावर सोपवलं.

नळकांड्यात तेलाचे दोन कप्पे असतात, एक कमी दाबाचा, एक जास्त. जास्त दाबाच्या बाजूला रबरी पडद्याआड वायू कोंडलेला. गाडी भरली की ती दबते आणि नळकांड्याचा दांडा आत जातो. गाडी सुरू झाली की खाचखळग्यांनी एक्सल वरखाली होऊ लागतो आणि दांडा हापशासारखा चालतो. प्रत्येक हिसक्याला थोडं तेल कमी दाबाच्या कप्प्यातून जास्त दाबाकडे ढकललं जातं. वायू आकसतो, दाब वाढतो, दांडा बाहेर रेटला जातो आणि गाडीची मागची बाजू हळूहळू उचलली जाते. ठरलेली उंची आली की आतलं एक छिद्र उघडं पडतं, मग पंप कितीही हलला तरी दाब वाढत नाही. ओझं उतरवलं की तेल त्याच वाटेने माघारी. रस्ता जितका वाईट, तितकी गाडी लवकर सरळ होते! हे वाचून मी एकटाच हसलो. उभी गाडी मात्र भरल्यावर बसूनच राहते. तिला आधी काही अंतर चालवावं लागतं.

१९८३ च्या लँड रोव्हर वन-टेनवरही हे यंत्र मिळायचं. १९८९ च्या डिस्कव्हरीला मात्र ते दिलं नाही, मागची स्प्रिंग कडक केली. १९९२ मध्ये लांब चासीच्या रेंज रोव्हरला चारही चाकांवर हवेचे बलून आले, त्यासोबत कॉम्प्रेसर, सेन्सर आणि कॉम्प्युटरही. १९९८ च्या दुसऱ्या पिढीच्या डिस्कव्हरीत फक्त मागे बलून मिळत. त्या बलूनच्या बिघाडांची कुंडली मांडायला वेगळा लेख लागेल.

हायड्रोमॅटची खोड अशी की ते पूर्ण बंद असतं. सील गेलं, वायू निसटला की उघडून दुरुस्त करायची सोय नाही, अख्खं बदलायचं. बदली मिळणं आता अवघड आणि महाग. म्हणून बहुतेक मालक ते काढून टाकतात. मग एकतर कडक स्प्रिंग, नाहीतर फुगे.

फुगा बसवणं दिसतं सोपं. या गाड्यांत पुढचा शॉकअप स्प्रिंगच्या पोटातून जातो, मागचा बाहेर असतो, त्यामुळे मागची स्प्रिंग मोकळी सापडते. फुगा पिळून आत सरकवायचा, हवेची नळी बाहेर काढायची. इथून पुढे कटकटी सुरू. नळी सायलेन्सरजवळून नेली की वितळते. दोन्ही फुगे एका टी-जोडाला जोडले तर वळणावर बाहेरच्या फुग्यातली हवा आतल्यात पळते आणि गाडी जास्तच कलते, त्यामुळे दोन वेगळ्या नळ्या बऱ्या. हवा अगदी सोडून दिली तर फुगा स्प्रिंगच्या वेढ्यांत चिमटतो, म्हणून रिकाम्या गाडीतही चार-पाच पौंड ठेवावीच लागते. आणि खडकाळ चढावर एक चाक लोंबकळलं, स्प्रिंग तिच्या बैठकीवरून सुटली, की परत बसताना फुगा तिरका अडकून फाटतो. म्हणजे ज्या चालीसाठी ही गाडी घेतली, तीच फुग्याच्या मुळावर येते.

पाट्यांच्या पिकअपमध्ये धोका वेगळा. तिथे फुगा एक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसतो. पाटा आपलं ओझं दोन टोकांच्या हँगरवरून चासीला देतो, फुगा तेच ओझं मधल्या एका जागी रेटतो. मागे जड सामान टांगलेल्या अशा गाड्यांच्या चासी ऑस्ट्रेलियात वाकल्या आहेत.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते असं, की गाडी सरळ उभी राहिली की मालकाला वाटतं, ओझं पेललं. फुगा असो वा हायड्रोमॅट, तो फक्त उंची परत देतो. एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांच्या वाट्याचं वजन किलोभरही कमी होत नाही. याचं जुनंच उदाहरण आहे. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या मोहिमेने दोन रेंज रोव्हर अलास्कापासून अमेरिका खंडाच्या दक्षिण टोकाकडे नेल्या. वाटेत पनामा-कोलंबियामधल्या दारिएनच्या दलदलीतून जाताना त्या बेसुमार लादलेल्या होत्या आणि त्यांना चिखलासाठी रुंद टायर चढवले होते. तिथे स्प्रिंगनी नाही, डिफरन्शियलनी दगा दिला. एकामागून एक फुटले. सुटे भाग येईपर्यंत मोहीम जंगलात खोळंबली, आणि पुढे वाट काढायला पनामात एक जुनी, पाट्यांची लँड रोव्हर विकत घ्यावी लागली.